कोल्हापुरात नव्याने राहायला आलात? रोजची सुखं हाती लागावीत म्हणून

जून २०१६ मध्ये आम्ही नागपूरहून कोल्हापूरला आलो. नवऱ्याची बदली झाली होती आणि मुलगी पाच वर्षांची होती. महाराष्ट्र एक्स्प्रेसने एक अख्खा दिवस आणि वर काही तास प्रवास केला. राज्याची हद्दही ओलांडली नव्हती, तरी उतरलो तेव्हा सगळंच वेगळं वाटलं. पाऊस वेगळा, मसाला वेगळा आणि बोलणं तर फारच वेगळं.

पहिल्या दोन महिन्यांत सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळं उरकून टाकलं. अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा आणि चार हॉटेलांतला तांबडा-पांढरा रस्सा. शेजारच्या काकूंना मी म्हटलं, "कोल्हापूर पाहून झालं आमचं." त्या म्हणाल्या, "पाहून झालं म्हंजे? रोज कुठं जातासा?"

रोज कुठंच जात नव्हते. घर, शाळा, किराणा आणि परत घर. वर्षभर मी नागपूरच्या आठवणीत राहिले, या शहरात नाही. हळूहळू कळलं, की इथली सुखं ठिकाणांपेक्षा वेळांना जास्त बांधलेली आहेत. अमुक जागी अमुक वेळी गेलं तर ती मिळतात, तासभर उशीर झाला की नुसता रस्ता दिसतो. माझं एक वर्ष वाया गेलं, तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी जवळ काय असावं

- घट्ट झाकणाची स्टीलची किटली. दुधासाठी तर लागतेच, पण खानावळीतून रस्सा आणायलाही तीच कामाला येते.
- तिथ्या दाखवणारी मराठी दिनदर्शिका. मोबाइलमधल्या तारखांवर इथलं अर्धं वर्ष निसटून जातं.
- १० आणि २० रुपयांच्या नोटा. मोबाइलवरून पैसे बहुतेक ठिकाणी चालतात, पण पहाटे मंडईत सुट्टे दिले की बोलणं सुरू होतं.
- दोन कापडी पिशव्या, दणकट छत्री आणि ओली झाली तरी चालेल अशी प्लॅस्टिकची चप्पल.
- घरी येणारं एखादं स्थानिक वर्तमानपत्र. फुटबॉलचे सामने, नदीची पातळी, नाटकाचे प्रयोग यांची खबर त्यातच लागते.
- ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि दोन फोटो. हे वाचनालयासाठी. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. भाडेकरार हाती आला की त्याच आठवड्यात सभासद व्हा. नव्या गावात आपलं नाव लिहिलेलं पहिलं कार्ड हातात पडतं, त्याचा आनंद मला अजून आठवतो.

१. पहिल्या आठवड्यात: आपली पेठ आणि आपली तालीम

इथे पत्ता विचारला की लोक पेठ सांगतात, आणि पेठेच्या आत तालीम. तालीम म्हणजे फक्त कुस्तीचा आखाडा असं मला वाटायचं. प्रत्यक्षात ती त्या भागाची एकत्र येण्याची जागा असते. गणपती तिचा, फुटबॉलचा संघ तिचा, आणि पूर आला की मदतीला निघणारी पोरंही तिचीच. म्हणून घर कुठे घेतलंत यासोबत आपल्याजवळ कोणती तालीम आहे हेही माहीत करून घ्या. रिक्षावाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना ते सांगता येतं आणि पुढचं संभाषण आपसूक होतं.

भाजीसाठी एकच जागा धरा. मी कपिलतीर्थ मंडई धरली. पहिले तीन आठवडे दर विचारत दहा ठिकाणी फिरले आणि कुणाच्याच ओळखीची झाले नाही. मग एकाच मावशींकडे जायला लागले. महिनाभरात त्या माझ्यासाठी कोवळी भेंडी बाजूला काढून ठेवू लागल्या.

२. पहिल्या महिन्यात: बोलण्याचा सूर कानात बसवा

बाहेरून आलेला माणूस सगळ्यात जास्त इथे अडखळतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मंडईतल्या त्याच मावशी पहिल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, "घ्या की, नुसतं बगत काय हुबा ऱ्हायलाय?" मला ते फार लागलं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, इथली माणसं तोडून बोलतात. पिशवी उपसली, तर त्यात न मागितलेली कोथिंबिरीची जुडी होती. आवाज वर चढलेला असतो आणि हात मात्र देत असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुष्कळ मनस्ताप वाचेल.

'कधी आलासा?', 'जेवलासा का?' यातला 'सा' आदराचा आहे, तो ऐकून चमकू नका. 'लगा' आणि 'भावा' ही जवळीक झाली. 'नाद खुळा' आणि 'काटा किर्रर्र' ही मनापासूनची दाद. बायका-मुलीही 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात. आमची लेक सहा महिन्यांतच "आई, मी खेळायला जातो" म्हणायला लागली, तेव्हा मी तिला टोकलं. आता टोकत नाही. फोनवर आजीला ऐकू गेलं की ती नागपुरात हसते आणि लेक इकडे हसते.

एक शब्द मात्र आधीच नीट समजून घ्या: चटणी. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेला, वर्षभर पुरणारा लाल मसाला. शेजारणीने "भाजीत दोन चमचे चटणी घाला" सांगितलं, आणि मी शेंगदाण्याची चटणी घातली होती. एप्रिल-मे महिन्यांत हा मसाला डंकावर कुटून आणतात. त्या दिवसांत गल्लीत शिरलं की भाजलेलं खोबरं आणि मिरची यांचा वास नाकाला झोंबतो. ओळखीच्या कुणाबरोबर एकदा डंकावर जाऊन या. नाकाला रुमाल बांधा आणि घरी जाईपर्यंत डोळ्यांना हात लावू नका.

३. गंगावेशीतलं दूध

मला या शहरात एकच गोष्ट ठेवायला सांगितली, तर मी ही ठेवेन.

गंगावेशीत दुधाचा कट्टा आहे. रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात. गवळीदादा तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. धारोष्ण दूध हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, पण पेला हातात घेतला तेव्हा त्याचा अर्थ तळहाताला कळला, कारण तो खरंच कोमट लागतो. पैलवानांच्या या गावात ही खुराकाची जागा. आजही तालमीतून आलेली पोरं, दुकान बंद करून निघालेले काका आणि नातवाला घेऊन आलेले आजोबा शेजारी शेजारी उभे राहून दूध पितात. फारसं कुणी बोलत नाही. पेला रिकामा होतो, ओठावरचा फेस पुसला जातो आणि माणूस घराकडे वळतो.

कसं जायचं: पहाटे किंवा संध्याकाळी, म्हणजे धारेच्या वेळेला. दुपारी तिथे काहीच नसतं. आम्ही पहिल्यांदा दुपारी दोनला गेलो आणि परत आलो होतो. गाडी लांब लावा, म्हशींच्या अंगावर हॉर्न वाजवू नका. पेल्यात किती हवं ते आधी सांगा, कारण म्हशीचं ताजं दूध जड असतं आणि सवय नसलेल्याला अख्खा पेला सोसत नाही.

काळजीही घ्या. हे दूध कच्चं असतं. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारातून उठलेले यांनी ते तसंच पिऊ नये. आम्ही लेकीला कधीच तिथे प्यायला दिलं नाही. तिच्यासाठी किटलीत घेतो आणि घरी नीट उकळतो. त्यावर जी साय येते, तिच्यासाठी सकाळी घरात भांडणं होतात.

४. मिसळ सकाळची, रस्सा रविवारचा

मिसळ सकाळी खायची. नागपुरात तर्री-पोह्यावर वाढलेली मी, तिखटाला घाबरत नव्हते, तरी इथल्या कटाने, म्हणजे मिसळीवरच्या झणझणीत रश्श्याने, मला दोनदा पाणी मागायला लावलं. इथे मिसळीसोबत बहुतेक ठिकाणी स्लाइस ब्रेड येतो, लादीपाव नाही, त्यामुळे पाव विसरले असं समजू नका. कट वेगळा मागता येतो. आधी थोडाच ओता, चव घ्या, मग वाढवा. उद्यमनगरातली आणि बावड्यातली मिसळ प्रसिद्ध आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी रांग असते. पण रोजचं सुख आपल्या गल्लीच्या टोकावरच्या मिसळवाल्याकडेच सापडतं, तो शोधा. दुपारी उशिरा गेलात तर कट संपलेला असेल.

मटण रविवारी. इथे मटण हा जिव्हाळ्याचा विषय आहे, इतका की २०१९ च्या शेवटी दरावरून शहरात आंदोलन झालं होतं. मटण शिजताना निघालेलं पाणी म्हणजे अळणी. पहिली वाटी घरातल्या लहानग्याची. त्याच अळणीत नारळाचं दूध पडलं की पांढरा रस्सा होतो. तो भातावर घेऊ नका, गरम असताना वाटीने प्या. तांबडा नंतर. शाकाहारी असाल तर जीव लहान करू नका, अख्खा मसूर आणि भाकरी सांगा.

'कॉकटेल' असं लिहिलेलं दिसलं तर दचकू नका. ते आइस्क्रीम आणि फळांचं मिश्रण आहे, मुलांना घेऊन जा.

५. रंकाळा: एक बाक, एक वेळ

रंकाळ्यावर सगळेच जातात आणि बहुतेक नवे लोक रविवारी संध्याकाळी चौपाटीवर जातात. गर्दी, गाड्या, भेळ, फोटो. त्यातही मजा आहे, पण तो रंकाळा पाहुण्यांना दाखवायचा.

राहायला आलेल्या माणसाने आठवड्यातला एक साधा वार निवडावा आणि उजाडायच्या सुमारास जावं. मी बुधवार धरला आणि टॉवरजवळून चालायला सुरुवात केली. थंडीत पाण्यावर धुकं असतं, पलीकडचा शालिनी पॅलेस आधी दिसतच नाही. मग मनोऱ्याचं टोक येतं, मग बाकीचा वाडा. १९३० च्या दशकात बांधलेली ही इमारत मी इतक्या वेळा धुक्यातून वर येताना पाहिली आहे, की ती दिवसा उघडी दिसली की अनोळखी वाटते.

पाण्यातला संध्यामठ हे माझं वर्षभराचं घड्याळ. उन्हाळ्यात त्याचे खांब उघडे पडतात, पावसाळ्यात तो बुडायला लागतो. दर आठवड्याला एकाच बाकावर बसून पाहिलं तर पाणी किती चढलं, किती उतरलं ते न मोजता समजतं. इथेच एका आजोबांनी मला नंदीची गोष्ट सांगितली. रंकाळ्याकाठचा नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. तो पाण्याशी पोहोचला की जग बुडणार. माझ्या लेकीने पुढचे कित्येक महिने नंदीचं अंतर पावलांनी मोजलं.

त्या बाकावर मोबाइल खिशात ठेवा. आणि पाण्यात काही टाकू नका, निर्माल्यही नाही. या तळ्याने जलपर्णी आणि सांडपाणी पुष्कळ सोसलं आहे.

६. दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवा

अंबाबाईचा किरणोत्सव. देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबरच्या सुमारास मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत येतात. पायांपासून चढत चेहऱ्यापर्यंत. ढग किंवा धूळ असेल तर किरणं वाटेतच विरतात, म्हणून एकाच दिवसावर भिस्त ठेवू नका. दुपारपासून रांग लागते. रोजच्यासाठी मात्र शुक्रवारची पालखी. रात्री दुकानं आवरल्यावर देवळाच्या आवारात पालखी निघते. सुट्टीच्या दिवशी दर्शनाला जाणं नव्या लोकांनी टाळावं, तो दिवस परगावच्या भक्तांचा.

आषाढातले मंगळवार आणि शुक्रवार. गल्लीतून अचानक सनई-ढोल ऐकू येईल, त्याला इथे 'पी ढबाक' म्हणतात. पंचगंगेला आलेलं नवं पाणी कलशात घेऊन टेंबलाई देवीला वाहायला निघालेली मिरवणूक असते ती. नवे आहोत म्हणून खिडकीतून बघू नका, खाली उतरा. मी पहिल्या वर्षी खिडकीतच राहिले. दुसऱ्या वर्षी काकूंनी माझ्या डोक्यावर कलश दिला.

दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटायला जा, लहान मुलाला खांद्यावर घ्या.

त्रिपुरी पौर्णिमेची पहाट. पंचगंगा घाटावर दीपोत्सव असतो. पहाटे पाचच्या आधी पोहोचा. घाटाच्या पायऱ्या तेलाने निसरड्या झालेल्या असतात, आणि ओढणी, पदर, झब्बा नीट सावरा.

हिवाळाभर गुऱ्हाळं. शहराबाहेर कुठल्याही दिशेला थोडं गेलं की धूर दिसतो. "बघायला आलोय" म्हटलं की बहुतेक गुऱ्हाळघरं आत घेतात. काहिलीपासून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपासून, मुलांना दूर धरा, उकळता रस अंगावर उडतो. काकवीसाठी बाटली घरून न्या.

फुटबॉलचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा असे पेठांचे संघ उतरतात. कुणाला पाठिंबा द्यायचा हा प्रश्न नाहीच, ज्या पेठेत राहता तिचा संघ तुमचा. मोठ्या सामन्याला मुलांना नेत असाल तर बाहेर पडायची वाट जवळ असेल अशी जागा घ्या.

कुस्ती बघायची तर खासबाग. शाहू महाराजांनी उभारलेलं हे मैदान १९१२ मध्ये सुरू झालं. मध्ये खोलात तांबडी माती आणि भोवती चढत गेलेल्या बसायच्या जागा, त्यामुळे कुठूनही पैलवान दिसतो. शेजारीच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्याच काळातलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आम्ही लेकीला घेऊन गेलो, तर रस्त्यावर शेकडो माणसं नुसती उभी होती. तिने तिचं पहिलं बालनाट्य तिथेच पाहिलं होतं.

७. पावसाळ्याची तयारी

जूनमध्ये येणार असाल तर कपडे वाळत नाहीत हे धरून चाला. भिंतींना ओल येते, म्हणून घर घेतानाच पावसाळ्यातल्या खुणा भिंतीवर शोधा. नदीजवळचं घर असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते घरमालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारा.

जुलैपासून शहरातलं प्रत्येक संभाषण एका आकड्यापाशी येतं: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे दोन आकडे पाठ करा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की नदीकडे लक्ष वाढतं. शिवाजी पुलाच्या कमानींपाशी पाणी चढलं की जुनी माणसं "मच्छिंद्री झाली" म्हणतात. नदी पात्राबाहेर पडली की लोक ती बघायला जातात, आम्हीही जातो. लांबून, उंचावरून आणि पोलिसांनी जिथे थांबवलं तिथूनच. पाणी आलेल्या रस्त्यावर गाडी घालू नका, फोटोसाठी तर नाहीच.

उघडीप मिळाली की भाजलेलं कणीस घ्या आणि चालत चालत खा.

८. नव्या लोकांकडून हमखास होणाऱ्या चुका

कोल्हापुरी चप्पल पावसाळ्याच्या तोंडावर घेणं. चामडं भिजलं की गेलं. भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनमध्ये दिवाळीनंतर जा, संध्याकाळी जा, कारण तोवर पाय जरा सुजलेले असतात आणि माप खरं मिळतं. घरी आल्यावर पट्ट्यांना आतून खोबरेल चोळा आणि आठ दिवस घरातच तासभर घाला. करकर वाजते ती चांगली गोष्ट आहे.

तालमीत चपला घालून किंवा कॅमेरा उगारून शिरणं. माती पूजेची असते. आधी वस्तादांना विचारा, नाही म्हणाले तर परत या.

"आमच्याकडे असं नसतं" हे वाक्य. मी ते वर्षभर म्हणत होते. शेवटी काकूंनीच विचारलं, "मग तुमच्याकडं कसं असतंय, करून दावा की." मी तर्री-पोहे केले. आता त्यांच्या घरी महिन्यातून एकदा होतात, वर इथली चटणी घालून.

आणि शेवटचं, किटलीबद्दल. घेताना झाकणाला आत कडी आहे का ते बघून घ्या. गंगावेशीतून राजारामपुरीपर्यंत रिक्षाने येताना मांडीवर धरलेलं दूध बिंदू चौकाच्या वळणावर सांडतं, आमचं दोनदा सांडलं आहे.